होडीसाठी स्थळ

सुखदेव गजभिये गाडी बघायला निघाले की त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, हसू आवरत नसे. "निघाले आमचे होडीसाठी स्थळ बघायला," असं त्या दारातूनच शेजारणीला सांगत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या मुलीच्या बापाचा असतो तसा साऱ्या जगावर संशय घेणारा भाव. गाडीच्या मालकाने चहा पुढे केला तरी सुखदेव आधी गाडीखाली वाकून बघत. टायरवर अंगठा दाबत, मागच्या बंपरवर उभं राहून झुलून बघत, आणि शेवटी तो प्रश्न विचारत, ज्याच्यामुळे करोल बागेतले दोन दलाल त्यांना कायमचे दुरावले होते: "जुलाई में बाढ़ आई, तो उस दिन ये गाड़ी कहाँ होगी?"

"अंकल, गाड़ी लेनी है कि मौसम का हाल पूछना है?" त्यातला एक वैतागून म्हणाला होता.

सुखदेवांना दोन्ही हवं होतं.

होडी आधीच आली होती, घोडं अडलं होतं ते तिला ओढणाऱ्या गाडीपाशी. होडी फायबरची, निळी, दहा-बारा माणसं आरामात बसतील अशी. मागे मोटार आणि खाली दोन चाकांचा ट्रेलर. सगळं मिळून टनाच्या वरच. ती घेतली होती मंडळाने. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत विदर्भ-मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबं राहायची, त्यांचं हे मंडळ. क्वार्टरं पाडायला निघाली तेव्हा माणसं नोएडा, गाझियाबाद, द्वारका अशी पांगली. पण बाबासाहेबांच्या जयंतीला सगळी एकत्र यायची, भांडायची, एका ट्रकमागून चालायची आणि पुन्हा पांगायची. यंदा जयंतीच्या आधीच्या बैठकीत कुणीतरी उठून म्हणालं, डीजे नको, त्यापेक्षा पुरात कामाला येणारी होडी घेऊ. एरवी ज्या बैठकीत चहा की सरबत यावरून तासभर रणधुमाळी चालते, तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांच्या माना एकदम कमलाबाईंकडे वळल्या होत्या.

कारण होडीचं मूळ कमलाबाईंपाशी होतं.

क्वार्टर सोडल्यावर गजभियांनी यमुनेकाठच्या एका सखल वस्तीत तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं होतं. सुखदेवांची नोकरी गेली नद्यांचं पाणी मोजण्यात. पट्टी घेऊन देशभर फिरलेला हा माणूस. नदी एक दिवस आपल्याच घराची पायरी चढेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दोन हजार तेवीसच्या त्या जुलैत ती चढली. कमलाबाईंच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना उठवून बसवणंही मुश्किल, तिथे जिना कुठला चढवणार. सुखदेवांनी पलंगावर टेबल चढवलं, टेबलावर गादी टाकली, गादीवर बायकोला ठेवलं आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात तिचा हात धरून उभे राहिले. पाणी किती वेगाने चढतंय याचा त्यांना उभ्या जागी हिशोब येत होता. त्या दिवशी त्यांना वाटलं, आपल्याला ही विद्या येत नसती तर फार बरं झालं असतं.

मग दारातून होडीचं नाक आत आलं. मागोमाग दीनानाथ आला. यमुनेच्या खादरात, म्हणजे पात्रालगतच्या त्या सुपीक पट्ट्यात, भाज्या पिकवणारा पन्नाशीचा माणूस. त्याने विचारलं नाही, नाव सांगितलं नाही. कमलाबाईंच्या पाठीखाली एक हात, गुडघ्यांखाली एक हात, आणि जणू वाळलेलं धोतर उचलावं तसं त्यांना उचलून होडीत ठेवलं. हिंदूराव इस्पितळाच्या चढावर, मोठ्या फाटकापाशी, त्याने त्यांना स्ट्रेचरवर दिलं आणि तो वळला. खाली अजून माणसं अडकली होती. सुखदेवांनी हात जोडले तेव्हा समोर फक्त दीनानाथची चिखलाने भरलेली पाठ होती, आणि तीही भराभर लांब चालली होती.

नंतर सुखदेव कितीदा तरी खादरात गेले. मिठाई घेऊन गेले, कमलाबाईंना घेऊन गेले. "दीनानाथजी, उस दिन आपने..." एवढं म्हणेस्तोवर तो हात झटकून टाकी. "अरे छोड़िए साब, आप ये लौकी ले जाइए." सुखदेव दरवेळी मिठाई देऊन दुधी घेऊन परत येत. मनातलं मनातच राही आणि घरी दुधीची भाजी होई.

एकदा मात्र बोलता बोलता दीनानाथने एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी होडी उशिरा आली, कारण तिला ओढणारी जीप हलकी होती. बांधावरच्या चिखलात चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. शेवटी त्यांनी होडी ट्रेलरवरून काढली, खांद्यावर घेतली आणि अख्खा बांध चिखलातून तुडवत पार केला. रात्री जेवताना सुखदेव म्हणाले, "कमल, तुझ्यासाठी माणसांनी होडी वाहून आणली गं." आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

तेव्हापासून वजन आणि पकड या दोन शब्दांनी त्यांना पछाडलं.

मंडळाची होडी त्याच काठावर, दीनानाथच्या हाताशी राहावी, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. तोंडाने मानू देत नाही ना आभार, मग हे घे, तुझ्या दारात उभे करतो. पण प्रशासनाची अट होती. बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी शालिनी मॅडम नावाच्या अधिकारी काठावर येणार. मंडळाच्या गाडीने होडी उतारावरून पाण्यात सोडायची आणि भरल्या ट्रेलरसकट पुन्हा वर ओढून दाखवायची. माणसांनी ढकलायचं नाही. जमलं तर होडी पावसाळाभर तिथेच राहील. नाही जमलं तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात जाईल आणि गरज पडेल तेव्हा मागवली जाईल. सुखदेवांचा जन्म सरकारी नोकरीत गेला होता. 'मागवली जाईल' म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिलं स्थळ घरचंच निघालं. त्यांची मुलगी लुंबिनी गुरुग्रामला आयटी कंपनीत. तिने नुकतीच पांढरीशुभ्र, उंच, बघणाऱ्याने वळून बघावं अशी गाडी घेतली होती.

"बाबा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. माझ्या गाडीत पॉवरच पॉवर आहे."

"पॉवर इंजिनात असते गं, पकड टायरात असते," सुखदेव म्हणाले. "आणि होडी ओढणं सोपं. उतारावर ती मागून ढकलायला लागली की हलक्या गाडीची फरफट होते."

"यार बाबा, एकदा बघा तर खरं!"

बघितलं. काठावर नेऊन रिकामा ट्रेलर नुसता पाण्याशी उतरवला आणि वर काढायला गेले. ट्रेलरचा भार मागच्या हुकावर आला, गाडीचं बूड दबलं, नाक वर झालं, आणि ओढणारी चाकं नेमकी पुढचीच असल्याने ती नुसती फिरत बसली. लुंबिनी काय झालंय ते बघायला खाली उतरली आणि चपला चिखलात ठेवून अनवाणी परत आली. दीनानाथच्या बैलजोडीने गाडी बाहेर काढली. तो सोहळा बघायला अख्खा खादर जमला होता.

दुसरं स्थळ गुरुग्रामच्या एका पिकअपचं. चारही चाकं ओढणारी, वजनदार, टायर असे की सुखदेवांना भरून आलं. पण मालक हौशी. जुलै म्हणताच तो म्हणाला, "जुलाई में तो हम पहाड़ों में होते हैं, अंकल." पुराच्या दिवशी मनालीत असणारी गाडी काय कामाची? तिसरी एक जुनी डिझेल जीप, पोलादाची नुसती. सुखदेव तिच्या प्रेमातच पडले. पण तिचं वय दहाच्या पुढे, आणि दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला रस्ता नाही. त्या दिवशी घरी आले ते मोडलेल्या लग्नाच्या मांडवातून आल्यासारखे. कमलाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"अहो, भानुमतीचा ट्रक बघितलात?" त्यांनी विचारलं.

सुखदेवांनी बायकोकडे असं बघितलं, की जणू ती म्हणाली होती, 'चष्मा कपाळावरच आहे तुमच्या.'

भानुमतीताई मूळच्या अकोल्याच्या, मंडळातल्याच. नवरा गेल्यावर त्याचा सहाचाकी ट्रक विकण्याऐवजी त्यांनी स्वतः स्टिअरिंग धरलं आणि गाझियाबादेत मालवाहतूक चालवली. दरवर्षी जयंतीला बाबासाहेबांची तसबीर निघायची ती ह्याच ट्रकमधून. सात-आठ वर्षं सुखदेव त्याच्यामागून चालत आले होते, आणि साऱ्या दिल्लीत गाडी शोधत फिरताना तो त्यांना दिसला नव्हता.

"भाऊजी, पावसाळ्यात माझा धंदा तसाही मंदच," भानुमतीताई म्हणाल्या. "काठावर उभा राहू दे ट्रक. कमलताईंसाठी मी एवढं नाही करणार होय?"

ट्रक दणकट होता, मागे जोडटायर होते, वयही बसत होतं. सुखदेवांनी त्याला वजनकाट्यावर नेलं आणि त्यातली मेख त्यांच्या लक्षात आली. रिकाम्या ट्रकचं वजन सगळं पुढे, इंजिनाशी. मागची चाकं, जी ओढणार, ती हलकी. माल भरला असता तर प्रश्न नव्हता. म्हणून त्यांनी रेतीची पोती भरून घेतली, हौद्यात बरोबर मागच्या चाकांच्या वर रचली, आणि भानुमतीताईंच्या अंगणाबाहेरच्या ओल्या चढावर होडीसकट ट्रेलर ओढून बघितला. ट्रक असा चढला की मागे काही आहे याची त्याला जाणीवच नसावी. सुखदेवांनी ट्रकच्या फाळक्यावर प्रेमाने थाप मारली. स्थळ पसंत होतं.

बुद्ध पौर्णिमेची सकाळ. विहारात वंदना झाली आणि मंडळी थेट काठावर आली. पांढरे कपडे, पांढऱ्या साड्या, बायकांच्या हातात खिरीचे डबे. यमुना मे महिन्यात जशी असते तशी होती, काळपट आणि वासाची, पण त्या दिवशी कुणी नाकाला रुमाल लावला नाही. दीनानाथ आणि त्याचे सोबती एका बाजूला उभे होते. कमलाबाईंना एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, शेजारी त्यांचा वॉकर. खुब्याने बरं व्हायला फार वेळ घेतला होता आणि त्या नादात त्यांच्या अंगावरचं मांस उतरलं होतं, ते आता कुठे थोडं भरत होतं. सुखदेव रोज मागे लागून दूध पाजत, आणि त्या रोज अर्धा पेला तुळशीला घालत.

ट्रक आला. सगळ्यांच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. धुऊन पुसून आरशासारखा लखलखत होता. निळे झेंडे, झेंडूच्या माळा, हौद्यात सतरंजी आणि सतरंजीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. लुंबिनी आदल्या दिवशी रजा टाकून गाझियाबादला गेली होती आणि तिने हे सगळं केलं होतं. आपल्या गाडीने केलेली फजिती तिला धुऊन काढायची होती. सुखदेवांना लेकीचं फार कौतुक वाटलं.

शालिनी मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून दुसऱ्या घाटावर जायचं होतं. "शुरू करें?"

भानुमतीताईंनी ट्रक उलटा उतारावर घेतला. ट्रेलर पाण्यात गेला, होडी अलगद तरंगली. दीनानाथने मोटार चालू करून एक चक्कर मारली तेव्हा टाळ्या पडल्या. होडी परत ट्रेलरवर बसली, पट्टे आवळले. आता फक्त वर यायचं होतं.

मागची चाकं फिरली. फिरली, आणि फिरतच राहिली. चिखलाचा फवारा उडाला तो थेट सुखदेवांच्या इस्त्रीच्या शर्टावर. भानुमतीताईंनी पुन्हा हळूच प्रयत्न केला. टायर गाळात रुतले आणि ट्रक वर यायच्या ऐवजी हातभर मागे, पाण्याकडे सरकला. भानुमतीताईंनी ब्रेक दाबून धरला आणि खिडकीतून ओरडल्या, "भाऊजी, हा धरत नाहीये!"

परवापर्यंत धरत होता की! सुखदेव चाकावर पाय देऊन वर चढले आणि त्यांनी सतरंजी उचलली. खाली स्वच्छ, कोरडा, चकचकीत पत्रा होता.

"पोती कुठंयत?" त्यांचा आवाज चिरकला. "लुंबिनी! रेतीची पोती कुठंयत?"

"ती काढून ठेवली, बाबा. अंगणात."

"कुणी सांगितलं काढायला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? महिनाभर मी..."

"तुम्हीच सांगितलंत," लुंबिनी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काल फोनवर. म्हणालात, तसबीर निघणार आहे, हौद्यात एक काडी राहता कामा नये. मी एकटीने ओढून काढली ती."

सुखदेवांना आठवलं. आदल्या दिवशी विहारातल्या तयारीच्या गडबडीत त्यांनी फोन केला होता खरा. वर्षानुवर्षं दर जयंतीच्या आदल्या दिवशी ते ट्रक धुणाऱ्यांना जे वाक्य ऐकवत, तेच त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं होतं. पोती तिथे कशासाठी आहेत हे त्यांनी घरात कुणाला नीट सांगितलंही नव्हतं. त्यांनी लेकीच्या हातांकडे बघितलं. गोणपाटाने तिचे तळवे सोलवटले होते.

मंडळी पुढे सरसावली तशा शालिनी मॅडम कडाडल्या, "कोई पीछे नहीं जाएगा! गाड़ी फिसल रही है. धक्का लगाया तो मैं टेस्ट यहीं रोक दूँगी." आणि त्यांचं चुकत नव्हतं. दीनानाथ म्हणाला, रिकामी पोती माझ्या झोपडीत आहेत, पण आणून भरेपर्यंत वेळ जाईल. ट्रक तेवढ्यात आणखी बोटभर सरकला. सुखदेव काठावर नुसते उभे होते. होडी गोदामात चाललेली त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती.

"अहो," कमलाबाईंनी खुर्चीतून हाक मारली. "त्या पोत्यांत काय होतं?"

"रेती. दुसरं काय असणार?"

"म्हणजे नुसतं वजनच ना? मग मला चढवा वर."

"तुला?" सुखदेवांना भान राहिलं नाही. "तुझं वजन ते काय!"

"जे आहे ते चढवा. आणि हे बाकीचे काय खीर खायला आलेत का?"

मग दीनानाथ पुढे आला. पाठीखाली एक हात, गुडघ्यांखाली एक हात. ट्रकच्या बाजूने त्याने कमलाबाईंना वर दिलं आणि वरून भानुमतीताईंच्या क्लीनरने त्यांना अलगद घेतलं. त्या मागच्या चाकांच्या बरोबर वर बसल्या आणि त्यांनी बाबासाहेबांची तसबीर मांडीवर घेतली. मग काय विचारता! मंडळाचे खजिनदार, ज्यांना घरी रोज पोटावरून ऐकावं लागे, ते आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढून चढले. पांढऱ्या साड्या चढल्या, खिरीचे डबे चढले. लुंबिनी बुद्धांची तसबीर घेऊन आईला चिकटून बसली. तरी सुखदेव म्हणाले, "अजून हवं." तेव्हा दीनानाथने आपल्या सोबत्यांकडे नुसतं बघितलं, आणि ते सगळे, ज्यांनी त्या दिवशी होडी खांद्यावर वाहिली होती ते सगळे, चिखलाच्या पायांनी त्या धुतलेल्या सतरंजीवर येऊन बसले. कुणी पाय आखडून घेतले नाहीत.

"भाऊजी, तुम्ही काय मुहूर्त बघताय?" भानुमतीताई ओरडल्या. "चढा की!"

सुखदेव शेवटी चढले. फाळका लागला. बसायला जागा उरली होती ती दीनानाथशेजारी.

इंजिन गुरगुरलं. मागची चाकं एकदा घसरली, पुन्हा घसरली, आणि मग खाली कुठेतरी टायरने जमीन धरली. सुखदेवांना ते बुडाखाली जाणवलं. ट्रक इंचाइंचाने वर निघाला. पाण्यातून ट्रेलरची चाकं बाहेर आली, मग निथळणारी निळी होडी आली, आणि ट्रक सपाटीवर टेकताच भर बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी मंडळींनी जयंतीसारखा जयघोष केला. खीर बरीचशी सांडली होती, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

शालिनी मॅडम हसत होत्या. हसता हसताच त्यांनी मान हलवली. "गजभिये जी, ऐसे पास नहीं लिख सकती. बाढ़ में इतने लोग ट्रक में नहीं बिठाने दूँगी. बोरियाँ भरिए, फिर से दिखाइए." सुखदेवांचा चेहरा उतरला. मॅडमनी फोन काढला, दुसऱ्या घाटावर कळवलं की उशीर होईल, आणि कमलाबाईंच्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसून त्या म्हणाल्या, "भरिए. मैं बैठी हूँ. खीर बची है क्या?"

पोती दीनानाथच्या झोपडीतली, रेती खादरातली. सगळ्यांनी मिळून भरली. पांढऱ्या साड्यांची पार वाट लागली. लुंबिनी सोलवटलेल्या हातांनी फावडं धरायला गेली तेव्हा सुखदेवांनी ते काढून घेतलं. "माझं चुकलं, बेटा," ते म्हणाले. लुंबिनी म्हणाली, "चलो, पुढच्या जयंतीला फोन मी करीन." पोती रचून ट्रक पुन्हा उतरला आणि या वेळी असा सरळ वर आला, की बघणाऱ्यांना थोडी निराशाच वाटली असावी. मॅडमनी सही केली. होडी तिथेच राहणार होती.

निघायची वेळ झाली. कमलाबाई थकल्या होत्या आणि लुंबिनीच्या त्या उंच गाडीत त्यांना चढता येईना. दीनानाथ पुन्हा आला. पाठीखाली एक हात, गुडघ्यांखाली एक हात. सीटवर ठेवून तो जरा धापा टाकत सरळ झाला.

"अम्मा, उस दिन तो आपमें कुछ था ही नहीं," तो म्हणाला. "अब तो भारी हो गई हो. बहुत अच्छा."

कमलाबाई लाजल्या. अर्धा पेला दूध तुळशीला घालणाऱ्या त्या बाईने नवऱ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. सुखदेवांना मात्र काहीतरी उमाळून आलं. म्हणजे या माणसाला आठवत होतं. पुराच्या त्या एका दिवसात कितीजणांना त्याने उचललं असेल, पण कमलचं वजन त्याच्या हातांना आठवत होतं.

"दीनानाथजी," ते म्हणाले, "उस दिन आपने..."

"अरे छोड़िए साब." दीनानाथचा हात सवयीने वर झाला. "लौकी निकाली है, ले जाइए."

"नहीं." सुखदेवांनी तो हात पकडला. "आज नहीं छोड़ूँगा. आज सुनिए."

पण हिंदी त्यांना तिथपर्यंतच पुरली. पुढचं सगळं मराठीत आलं. ते म्हणाले, मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो आणि पाणी कधी तिच्या नाकाशी येईल हे मला मोजता येत होतं. ते म्हणाले, तुम्ही आलात तेव्हा मी मोजणं थांबवलं. ते म्हणाले, आज सकाळी ती उठून वॉकर घेऊन ओट्याशी गेली, खीर तिने केलीय, साखर जास्त पडली म्हणून मी तिच्यावर चिडलो, आणि मग मला वाटलं, चिडायला ती समोर आहे. ते म्हणाले, तुमचे उपकार आहेत, फार मोठे उपकार आहेत. बोलताना ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

दीनानाथला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तो हात न सोडवता शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. सुखदेवांचं बोलून संपलं तेव्हा त्याने गळ्यातल्या पंच्याने स्वतःचे डोळे पुसले, दिवसभर त्या मंडळींच्या तोंडून जे ऐकलं होतं ते आठवून बघितलं, आणि म्हणाला, "जय भीम, साब."

"जय भीम," सुखदेव म्हणाले, आणि दुधी घेऊन गाडीत बसले.